आधी सूर, मग स्वार

चित्रपटसृष्टीचा शिरस्ता असा की, आधी चित्रीकरण व्हावे, संकलकाने त्याची काटछाट करावी आणि मग संगीतकाराने, हाती पडलेल्या सेकंदांच्या हिशेबाने, त्यास सुरांचा अंगरखा शिवावा. २०१६ सालच्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या चित्रपटाचे संगीत मात्र उलट्या क्रमाने जन्मास आले. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी केवळ पटकथा वाचून, चित्रीकरणापूर्वीच, त्यातील मुख्य सुरावटी रचून ठेविल्या. आणि २२ जून २०१५ रोजी, स्वतः चालवीत असलेले विमान कोसळून त्यांचा अंत झाल्यावर, दिग्दर्शक अँटोइन फुक्वा यांच्या हाती तो ठेवा ध्यानीमनी नसताना आला. हॉर्नर यांचे सहकारी सायमन फ्रँग्लेन यांनी पुढे तो पूर्णत्वास नेला.

या चित्रपटास संगीत देणे सोपे नव्हते. १९६० च्या मूळ चित्रपटासाठी एल्मर बर्नस्टाइन यांनी बांधलेली ती दौडती, आघातांना हुलकावणी देणारी धून अमेरिकेत इतकी रुळली होती की, पुढे सिगारेटच्या जाहिरातींनीही ती उचलली. त्या जुन्या चित्रपटाची चाल मुळात संथ. घोड्यांना टाच मारली ती वाद्यवृंदाने. अशा धुनेशी नव्या संगीतकाराने बरोबरी करावयास जाणे म्हणजे फजितीस आमंत्रणच. म्हणूनच नव्या ध्वनिमुद्रिकेत त्या जुन्या लयीचे पडसाद तेवढे उमटतात. प्रत्यक्ष धून चित्रपटात अगदी अखेरीस, श्रेयनामावलीबरोबर दाखल होते. हा संयम मला फार उमदा वाटतो.

आणखी एक गंमत. या संगीतात गिटार आणि बँजो यांच्या जोडीला शाकुहाची, म्हणजे जपानी बांबूची बासरी, ऐकू येते. ही कथा मूळची जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’ची, हे ध्यानात घेता त्या बासरीस मायदेशाची आठवण म्हणावे, असा मोह होतो, परंतु हॉर्नर यांस या वाद्याची आवड जुनीच, त्यांच्या कितीतरी चित्रपटांत ते आहे. मग हा योगायोग म्हणावा की हेतू, याचा निवाडा कोणी करावा?

जाता जाता, त्या जुन्या संगीताविषयी थोडे. आज चित्रपटाबरोबरच त्याच्या संगीताची ध्वनिमुद्रिका बाजारात येते. १९६० साली बर्नस्टाइन यांच्या त्या संगीतास हे भाग्य लाभले नाही. रसिकांस ते तबकडीवर मिळाले १९६६ साली, तेही पुढच्या भागाच्या निमित्ताने नव्याने वाजवून घेतलेले.