ओहोटीची शाळा

मुंबईसारख्या शहरांत वाढणाऱ्या मुलाला समुद्र परका नाहीं. संध्याकाळीं वाळूचा किल्ला बांधावा, लाटांत पाय भिजवावे, भेळ खावी आणि दिवे लागतांच घरीं परतावें, एवढा त्याचा समुद्राशीं संबंध असतो. पुस्तकांत तो देवमाशाचें चित्र पाहतो, प्रवाळाची व्याख्या पाठ करतो. परंतु याच शहराच्या किनाऱ्यावर, खडकाच्या खळग्यांत, जिवंत प्रवाळ वाढत आहे याची त्याला गंधवार्ताहि नसते. त्याच्या आईबापांनाहि बहुधा नसते. शहराचा समुद्र म्हणजे गढूळ पाणी व कचरा, अशी पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची समजूत आहे. जेथें कांहीं जगतच नाहीं असें वाटतें, तेथें कांहीं राखण्याजोगें आहे असें कोणाला कसें वाटावें?

ही समजूत घालविण्यास दहा व्याख्यानांपेक्षां एक ओहोटी अधिक उपयोगी पडते. तिची वेळ काढण्याची सोपी रीत कोंकण किनाऱ्यावर जुनी आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास येतो. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. द्वितीयेला दीडच्या सुमारास. भरतीच्या आधीं व नंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी असते, म्हणजे द्वितीयेला सकाळीं साडेसातच्या आसपास पाणी उतरलेलें सांपडतें. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या लगतच्या दिवसांत तें फार दूरवर मागें जातें. हा हिशेब मुलाकडूनच करवून घ्यावा व छापील वेळापत्रकाशीं ताडून पाहावा. चंद्र, गणित आणि समुद्र यांची गांठ त्याच्या मनांत एकदां बसली कीं अर्धा धडा घरींच झाला.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळीं लोकांना घेऊन फिरण्याचा उपक्रम ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटानें २०१७ मध्यें सुरू केला. अशा फेरींत पहिल्यानें मुलाला नुसता काळा, निसरडा खडक दिसतो. मग डोळा बसूं लागतो. खडकावरचे धारदार पांढरे कंगोरे म्हणजे कालवें. चिखलांत टुणटुण उड्या मारणारी निवटी मासाच असून ओल्या त्वचेवाटें हवा घेते, म्हणून तिला पाण्याबाहेर वावरतां येतें. खळग्यांतलें फूल हें फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्याला डंख करून पकडणारे हात. आणि तो शंख चालूं लागला तर त्यांत शंखाचा मूळ धनी नाहीं. मऊ पोटाचा एक खेकडा रिकामें घर पाहून आंत राहावयास आला आहे.

येथें खरा प्रश्न उभा राहतो, तो हाताचा. मुलाचें कुतूहल बोटांत असतें. त्याला हात लावूं दिला नाहीं तर समुद्र पुन्हां चित्रासारखाच दूर राहतो. मोकळा सोडला तर तो खळगाच उपसून काढतो. म्हणून हाताला शिस्त लावणें हाच या शाळेंतील मुख्य विषय होय. प्रवाळाला बोट लावावयाचें नाहीं, त्यावर पाय ठेवावयाचा नाहीं. शंकूच्या आकाराचा शंख उचलावयाचा नाहीं, कारण त्यांतील गोगलगाय विषारी दंश करते. पावसाळ्यांत वाळूवर येणारे निळे फुगे दुरूनच पाहावयाचे. एखादा सुटा दगड मोठ्या माणसाच्या देखत हलकेच उलटावा, खालचें जग पाहावें आणि तो होता तसाच पुन्हां ठेवावा. खालच्या बाजूचे जीव सांवलींत व ओलीवर जगतात. ते उन्हांत पडले कीं सुकून मरतात, आणि वरच्या बाजूचें शेवाळ खालीं दबून जातें. दगड परत ठेवणारें मूल पुष्कळ शिकलें. खिशांतला सुंदर शंख काढून वाळूवर ठेवणारें त्याहूनहि अधिक शिकलें, कारण दिवाणखान्यांतील कपाटाची शोभा म्हणजे त्या खेकड्याचें घर, हें त्याला समजलें.

याच धड्याची दुसरी बाजू रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें दिसते. तेथें हात अगदीं मागें ठेवावा लागतो. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालतात. पूर्वीं तीं अंडीं माणसें उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें तीं कुंपणाच्या आंत, वाळूंत सुरक्षित पुरण्यास आरंभ केला. पन्नासएक दिवसांनीं पिलें बाहेर येतात व समुद्राकडे सोडलीं जातात. एखादें पिलूं लाटेनें मागें फेंकलें जातें, उलथें पडतें. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मुलाला तें उचलून पाण्यांत ठेवावेंसें वाटतें. पण ती वाट पिलानें स्वतःच चालावयाची असते. माया करणें म्हणजे प्रत्येक वेळीं हात घालणें नव्हे, हें तेथें न बोलतां कळतें.

हें सारें केवळ सहलीपुरतें नाहीं. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. २०२० मध्यें किनारी रस्त्याच्या कामासाठीं वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या कांहीं वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्या तेथें आहेत हें कोणीतरी आधीं पाहिलें होतें, म्हणून निदान तेवढें घडलें. न पाहिलेल्या जिवासाठीं कायदाहि बोलत नाहीं.

वेळासच्या वाळूवरून आज समुद्रांत शिरलेली मादी वाढून अंडीं घालण्यास परतेल, तोंवर दहा-पंधरा वर्षें उलटलेलीं असतील. आज दोरीपलीकडे उभें असलेलें आठ वर्षांचें मूल तेव्हां विशीच्या आसपास पोंचलेलें असेल. तिला तेथें अंधारी, मोकळी वाळू मिळेल कीं दिव्यांची रांग व भिंत आडवी येईल, याचा निर्णय करणाऱ्यांत त्या वेळीं त्याचाहि वांटा राहील. पालकांनीं त्याला एका द्वितीयेस पहांटे उठवून किनाऱ्यावर न्यावें, एवढेंच आज त्यांच्या हातीं आहे. आणि तें थोडें नाहीं.