जुने प्रिंटर, नवे जाळे : कार्यालयीन संगणकाच्या छपाईतील स्थित्यंतर



पेढीवर नोंद झाली एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. बिल ग्राहकाच्या हाती पडावे लागते, चलन मालाबरोबर जावे लागते, पगारपत्रक कामगाराला मिळावे लागते. संगणकाने हिशेब कितीही अचूक केला तरी तो कागदावर उतरणे हा त्याचा अखेरचा टप्पा होय. त्यामुळे प्रिंटर बदलणे ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी बाब प्रत्यक्षात पेढीच्या पतीशी निगडित असते.

हा विषय येथे मध्यम आकाराच्या व्यापारी संगणकांच्या संदर्भात मांडावयाचा आहे. या वर्गातील सर्वांत ख्यातनाम यंत्र म्हणजे आयबीएमचे एएस/४००. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर येथे घडविलेले हे यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या दोन पूर्वसुरींचा वारसा त्याने एकत्र आणला. आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली होती आणि १९९२ मध्ये टाटांच्या साथीने परतली. त्यामुळे या यंत्राच्या जन्मकाळी कंपनी येथे नव्हती. पुढे २००० मध्ये त्याचे नाव आयसिरीज झाले आणि २००८ पासून त्याची प्रणाली आयबीएम आय या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे बदलली, परंतु जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत राहिले. हेच त्याचे मोठे सामर्थ्य आणि छपाईच्या अडचणींचे मूळही तेच. प्रोग्रॅम जुना, त्याला अपेक्षित असलेला कागद जुना. बदलतो तो केवळ प्रिंटर.

जुनी व्यवस्था अशी होती. संगणकापासून ट्विनॅक्स नावाची जाड केबल निघे आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात अशी माळेसारखी पुढे जाई. एका माळेवर शून्य ते सहा असे सात पत्ते असत. लांबी पाच हजार फुटांपर्यंत चाले, वेग सेकंदाला दहा लाख बिट. दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला, किंवा मधली जोडणी निखळली, की पडदे आणि प्रिंटर मुके होत. तरीही या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. संगणक आणि प्रिंटर यांचा संवाद दुतर्फी असे. कागद संपला, कोणते पान छापले गेले, आता चेकची गड्डी लावावयाची आहे, हे सारे संगणकाला कळे आणि तो ऑपरेटरला तसे विचारी. छपाईचे काम प्रथम रांगेत साठविले जाई. त्यास स्पूल म्हणतात. रांगेतील काम कधी सोडावे, कोणते राखून ठेवावे, हे ऑपरेटरच्या हाती असे.

मग बदलाची गरज का भासली? जुन्या प्रिंटरचे सुटे भाग मिळेनासे झाले, दुरुस्ती करणारे हात कमी झाले आणि कार्यालयात इथरनेटचे जाळे आलेले होतेच. निर्णायक घाव मात्र यंत्राच्याच बाजूने बसला. २०१० साली आलेल्या पॉवर७ पिढीत जुन्या इनपुट-आउटपुट प्रोसेसरवर चालणारी कार्डे बंद झाली आणि त्यांत ट्विनॅक्सचे कार्डही होते. ज्यांनी बदल पुढे ढकलला होता, त्यांना नवे यंत्र घेताना एक तर मध्ये रूपांतर करणारी पेटी बसवावी लागली, नाहीतर प्रिंटरच बदलावा लागला.

येथे पहिला प्रश्न भाषेचा. हे संगणक एब्सिडिक लिपिसंकेत वापरतात, तर बाजारातील नेटवर्क प्रिंटर आस्की. एकाच्या लेखी इंग्रजी ‘ए’ हे मोठे अक्षर १९३, दुसऱ्याच्या लेखी ६५. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. संगणकातच असलेली होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म ही सोय ते काम करते. मात्र प्रिंटरचा प्रकार तिला बिनचूक सांगावा लागतो. दुभाषा चुकला तर काय होते याचे उदाहरण व्यापाऱ्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. अमेरिकी संकेतपत्रकात ज्या स्थानी डॉलरचे चिन्ह आहे, त्याच स्थानी ब्रिटिश संकेतपत्रकात पौंडाचे चिन्ह आहे. एक सेटिंग चुकले की निर्यातीच्या बिलावर आकडा तोच राहतो आणि चलन बदलते. आकड्यांची बेरीज तपासणाऱ्याच्या नजरेला ही चूक सहजी दिसत नाही.

दुसरा प्रश्न याहून गंभीर. नेटवर्क प्रिंटरकडे काम पाठविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे एलपीआर. तिचे वर्णन १९९० साली प्रसिद्ध झाले आणि जवळजवळ कोणताही प्रिंटर ती समजतो. परंतु या रीतीत संगणक काम पाठवितो, पलीकडून स्वीकारल्याची खूण मिळते आणि संगणकाच्या दृष्टीने काम संपते. कागद अडकला की नाही, हे त्याला कळत नाही. समजा, दोनशे चेक छापताना एकशे विसाव्या चेकवर कागद अडकला. आता उरलेले ऐंशी छापावे कसे? या रीतीत ठराविक पानांपासून पुढे छापण्याची सोय नाही. सारे पुन्हा पाठविले तर एकशे वीस चेक दुबार निघतात. स्पूलमधील प्रत आपोआप पुसली गेली असेल, तर उरलेले ऐंशी काढण्यासाठी मूळ प्रोग्रॅमच पुन्हा चालवावा लागतो. दोन्ही वाटा हिशेबनिसाची झोप उडविणाऱ्या आहेत.

यावर उपाय आहेत. प्रिंटरला संगणकात स्वतंत्र उपकरण म्हणून नोंदवून, पीजेएल किंवा एसएनएमपी या पद्धतीने जोडले, तर प्रिंटर आपली स्थिती उलट कळवू शकतो आणि हव्या त्या पानापासून छपाई सुरू करता येते. चेक आणि तत्सम मौल्यवान कागदांसाठी आयपीडीएस प्रकारचा प्रिंटर अधिक भरवशाचा. तो पानागणिक पोच देतो. तो महाग पडतो हे खरे, पण दुबार गेलेल्या एका चेकची किंमतही विचारात घ्यावी. काहीही निवडले तरी काम छापून झाल्यावर स्पूलमधील प्रत राखून ठेवण्याची सूचना संगणकाला द्यावी आणि कागद नजरेखालून गेल्यावरच ती पुसावी.

तिसरा प्रश्न कागदाचा. जुने अहवाल १३२ अक्षरे रुंदीच्या कंटिन्युअस स्टेशनरीवर बेतलेले. इंचाला दहा अक्षरे धरली तर तेरा इंचांहून अधिक रुंदी. ए-४ कागद सव्वाआठ इंच रुंद. म्हणून मजकूर आडवा आणि बारीक करावा लागतो. ज्येष्ठ हिशेबनिसाला तो वाचता येतो का, हे त्यालाच विचारावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट कार्बन प्रतीची. डॉट मॅट्रिक्स कागदावर आघात करतो, म्हणून चलनाच्या तिन्ही प्रती एकदमच उमटतात आणि माल घेणाऱ्याची एक सही तिन्हींवर उतरते. लेसर प्रिंटर तीन प्रती काढतो खरा, पण त्या तीन वेगवेगळ्या पानांच्या असतात. सही एकीवरच राहते. पुढे तंटा झाला तर ही सहीच पुरावा असते. अशा ठिकाणी जाळ्याला जोडता येणारा आघाती प्रिंटरच ठेवणे शहाणपणाचे.

आणखी दोन सावधगिऱ्या. प्रिंटरचा नेटवर्कवरील पत्ता कायमचा निश्चित करावा. तो बदलता राहिला तर विक्री विभागाचे कागद भलत्याच खोलीत निघतील. तसेच पगारपत्रके सामायिक प्रिंटरवर सोडू नयेत. जुना प्रिंटर संगणक कक्षात कुलुपाआड असे, नवा बहुधा येण्याजाण्याच्या वाटेवर उभा असतो.

सज्जनहो, या बदलाची खरी कसोटी जाणकाराच्या कागदी आराखड्यावर लागत नाही. ती महिनाअखेरीस लागते. म्हणून जुना प्रिंटर लगेच भंगारात देऊ नये. निदान एक महिनाअखेर दोन्ही प्रिंटर शेजारी चालू ठेवावेत, प्रत्येक नमुना दोहोंवर छापून ताडून पाहावा आणि ज्या ऑपरेटरने वर्षानुवर्षे रिबन बदलली, गड्ड्या लावल्या, त्याला या कामात प्रथम बसवावे. कोणत्या बिलाची कोणती ओळ कोठे यावी, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. ते त्याच्या बोटांना ठाऊक असते. हे ज्ञान टिपून घेतले, तर यंत्र बदलले तरी पेढीचा विश्वास अबाधित राहील.