दुसऱ्याचं पुडकं

मेडनहेडच्या साइटवरचा सुपरवायझर म्हणून एकच सांगतो: दुसऱ्याचं बंद पुडकं पोचवू नका.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली एकटा न्यायाधीश निकाल देतो. इथे क्राउन कोर्टात आरोप नाकारला, की सहसा १२ जणांची ज्युरी दोष ठरवते. शिक्षा न्यायाधीश देतो. पण ‘पैसे घेतले नाहीत, मित्राला नुसतं दिलं’ हा बचाव कुठेच चालत नाही. इथल्या १९७१ च्या कायद्यात फुकट देणं हाही पुरवठाच. १२ महिन्यांची कैद झाली, की परत पाठवणी मागे लागते.

पकडलंच, तर घाबरून बडबडू नका. पोलीस स्टेशनात वकील फुकट मिळतो, दुभाषीही. दोघांना मागा, मगच तोंड उघडा.