हिशेब पुन्हा मांडून पाहावा

आपल्या गावची मुले आता एम. कॉम. होतात, वित्तशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करतात. सुट्टीत घरी आली की वडील विचारतात, "दोन वर्षं तिथं शिकतोस तरी काय रे?" मुलगा सांगतो, "संशोधन आणि आकडेवारीचं विश्लेषण." वडील मान डोलावतात, पण खरे सांगायचे तर त्यांना फारसे उमगलेले नसते. त्या वडिलांसाठी, आणि त्या मुलाला पाढे शिकवणाऱ्या गुरुजींसाठी, आज मी एक घडलेली हकीकत सांगणार आहे.

२०१० साली अमेरिकेतील दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी, कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी, सरकारी कर्जावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वीस प्रगत देशांचे १९४६ पासून २००९ पर्यंतचे आकडे होते. निष्कर्ष असा की, सरकारचे कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या ९० टक्क्यांच्या वर गेले की उत्पादनाची वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. म्हणजे वाढ तर नाहीच, उलट किंचित घट! मंदीचे दिवस होते. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या काही पुढाऱ्यांनी या आकड्याचा हवाला देऊन सांगितले, सरकारी खर्च कापा. आता खर्च कापायचा म्हणजे कुणाची नोकरी, कुणाचे निवृत्तिवेतन यांवर गदा येणारच. तेव्हा हा आकडा नुसता कागदावरचा नव्हता.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेत थॉमस हर्नडन नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. वर्गात गृहपाठ मिळाला : एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातील उत्तर स्वतः काढून दाखवा. त्याने हाच निबंध घेतला. गणित करून पाहिले, उत्तर जुळेना. पुन्हा केले, तरी जुळेना. त्याच्या शिक्षकांनाही आधी वाटले, पोराचेच काही चुकले असेल. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे त्यांचा संगणकावरील तक्ता मागितला; आणि त्यांनी तो दिला, हेही ध्यानात ठेवा.

तक्ता उघडला तो काय! सरासरी काढताना वीस ओळींऐवजी पंधराच ओळी धरल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बेरजेबाहेर राहिले होते. शिवाय काही देशांची काही वर्षे गाळलेली होती.

तिसरी गोष्ट सरासरीच्या रीतीची. ती शेतावर समजावून घेऊ. एका शेतकऱ्याचे रान १९ एकर, उतारा एकरी ६ क्विंटल. दुसऱ्याचे एकच एकर, उतारा १ क्विंटल. दोन शेतकऱ्यांची सरासरी काढली तर साडेतीन येते. पण वीस एकरांचे धान्य ११५ क्विंटल. एकराची सरासरी पावणेसहा! त्या तक्त्यात ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एकच वाईट वर्ष यांना सारखेच वजन दिले होते. दोन्ही रीतींच्या बाजूने बोलता येते. पण कोणती धरली आणि का धरली, हे उघड सांगावे लागते.

२०१३ साली हर्नडन आणि त्याचे शिक्षक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन यांनी नवा हिशेब जाहीर केला. उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले. मूळ लेखकांनी ओळी गळाल्याची चूक मान्य केली. बाकीच्या मुद्द्यांवर त्यांचा मतभेद राहिला. आणि एक सांगितले पाहिजे. नव्या हिशेबातही जास्त कर्जाच्या वर्षांत वाढ कमीच दिसते. त्याच्या खालच्या, म्हणजे ६० ते ९० टक्क्यांच्या गटात ती ३.२ टक्के आहे. तेव्हा उतार होता. कडा मात्र नव्हता. शिवाय कर्जामुळे वाढ मंदावते, की वाढ मंदावल्यामुळे कर्ज चढते, हे सरासरीवरून कळत नाही. एवढे ओळखून तेवढेच बोलणे, हाही शिक्षणाचाच भाग.

तर मंडळी, आपला मुलगा शिकतो ते हे. आकडा कुठून आला हे विचारणे, काय गाळले ते शोधणे, आपला तक्ता दुसऱ्याला दाखवणे, आणि चूक निघाली तर ती कबूल करणे. संगणक बेरीज क्षणात करतो. पण कोणत्या ओळी धरायच्या हे माणूसच सांगतो.

गुरुजी, याची सुरुवात विद्यापीठात व्हावी असे थोडेच आहे? फळ्यावर सरासरी मांडाल तेव्हा मुद्दाम एक ओळ गाळा आणि मुलांना म्हणा, "माझा हिशेब तपासा." जो पोरगा भीत भीत हात वर करील, त्याला शाबासकी द्या.