आधीं किनारा, मग विश्रामगृह

वेस्ट इंडीजमधील बेटांचीं नांवें मराठी घरांत शिरलीं तीं भूगोलाच्या पुस्तकांतून नव्हे, तर क्रिकेटमधून. १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या संघानें पोर्ट ऑफ स्पेन येथें वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, त्याच दौऱ्यांत सुनील गावसकर यांनीं ७७४ धावा काढल्या, आणि तेव्हांपासून किंग्स्टन काय किंवा ब्रिजटाऊन काय, आपल्याकडील आजोबांनाहि परकीं वाटेनाशीं झालीं. पुढें २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोसची राजधानी जें ब्रिजटाऊन, तेथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्मा यांच्या संघानें वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. तो सामना घरोघर पाहिला गेला. परंतु त्यानंतरच्या चार दिवसांची हकीकत प्रवासास निघणाऱ्यानें अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बेरील नांवाचें चक्रीवादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून चाललें होतें. विमानतळ बंद झाला, विश्वविजेते खेळाडू आपल्या हॉटेलांत अडकून पडले, आणि अखेर खास विमान पाठवून त्यांस मायदेशीं आणावें लागलें. ज्यांच्या पाठीशीं एवढें श्रीमंत क्रिकेट मंडळ उभें, त्यांची ही गत. मग स्वखर्चानें गेलेल्या एखाद्या कुटुंबानें काय करावें?

कॅरिबियन समुद्रांतील बेटावर एक आठवडा उत्तम हॉटेलांत राहावें, ही इच्छा आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनहि ऐकूं येऊं लागली आहे. कोणाच्या लग्नास पंचवीस वर्षें झालेलीं असतात, कोणाचा मुलगा टोरोंटोस किंवा न्यूयॉर्कला नोकरीस असतो आणि तो आईवडिलांस तिकडून पुढें नेऊं म्हणतो. हौस चांगली आहे. मी तिची थट्टा करणार नाहीं. परंतु ही हौस बहुधा आयुष्यांत एकदांच पुरवावयाची असते, तीस बराच पैसा लागतो, आणि एकदां पैसे भरले म्हणजे ते सहसा परत मिळत नाहींत. म्हणून निवडीचा विचार जरा निवांतपणें केलेला बरा.

माहितीपत्रकें पाहावयास घेतलीं म्हणजे पहिली अडचण अशी येते कीं, तीं सगळीं एकसारखीं दिसतात. तोच पांढराशुभ्र पलंग, तोच पोहण्याचा तलाव, तोच वांकलेला नारळ, आणि कांचेच्या पेल्यांत तेंच नारिंगी पेय. ह्या वस्तु पुण्याजवळच्या एखाद्या रिसॉर्टांतहि मिळतात. ज्या एका वस्तूसाठीं आपण अर्धी पृथ्वी ओलांडून जाणार, तो समुद्र मात्र एकाच बेटाच्या दोन बाजूंस दोन प्रकारचा असतो, आणि ती गोष्ट छायाचित्रांत कळत नाहीं. माझें सांगणें एवढेंच कीं, आधीं महिना ठरवावा, मग बेटाची बाजू ठरवावी, आणि हॉटेलाचें नांव सर्वांत शेवटीं घ्यावें. पुष्कळ लोक नेमकें उलट करतात.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून बार्बाडोसचेंच उदाहरण घेऊं. हें बेट लांबीनें सुमारें ३४ किलोमीटर आणि रुंदीनें सुमारें २३ किलोमीटर. क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बृहन्मुंबईएवढें. इतक्या लहान बेटावर बाजूबाजूंत काय फरक असणार, असें कोणासहि वाटेल. पण वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतो, आणि सारें रहस्य त्यांत आहे. पूर्वेच्या किनाऱ्यावर बाथशेबा नांवाचें गांव आहे. तेथून आफ्रिकेपर्यंत मध्यें जमिनीचा तुकडा नाहीं. सबंध अटलांटिकची लाट तेथें येऊन फुटते, आणि पाण्यांत उभ्या असलेल्या प्रचंड खडकांभोंवतीं तिचा फेस पसरतो. देखावा म्हणाल तर साऱ्या बेटांत ह्याच्या तोडीचा दुसरा नाहीं. लाटांवर फळीनें स्वार होणारे पट्टीचे खेळाडू जगभरांतून तेथें जातात. पण पोहावयास जावें तर पाण्याखालचा ओढा चांगल्या पोहणाऱ्यासहि खेंचून नेतो. तेथें एक दिवस जावें, कठड्यावर बसून समुद्र पाहावा, ताजी मासळी खावी आणि संध्याकाळीं परत यावें. मुलें बरोबर असतां मुक्कामास तें स्थळ नव्हे.

पश्चिमेच्या बाजूस गेलें कीं तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहूं लागतो, आणि पाणी एखाद्या तळ्यासारखें निवांत होतें. आपल्या कोंकणांत समुद्राचा स्वभाव ऋतूप्रमाणें पालटतो. मार्गशीर्षांत जो शांत, तोच आषाढांत खवळलेला. तेथें मात्र तो बाजूप्रमाणें पालटतो. आपल्या लोकांस ही गोष्ट आपोआप सुचत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगितली. दक्षिणेचा किनारा ह्या दोहोंच्या मधला. लाट आहे, पण बऱ्याच ठिकाणीं प्रवाळाच्या खडकांनीं ती मोडून मग आंत येते. शुक्रवारीं रात्रीं ऑइस्टिन्स ह्या कोळ्यांच्या गांवीं मासे भाजण्याचा मोठा थाट असतो. तरुण मंडळींस ती बाजू आवडते.

बाजू निवडण्यास २०११ पासून आणखी एक कारण झालें आहे. सर्गॅसम नांवाचें पिवळट तपकिरी शेवाळ अटलांटिकमध्यें फार मोठ्या प्रमाणावर वाढूं लागलें असून वसंतऋतूपासून पुढें कित्येक महिने तें ह्या बेटांच्या किनाऱ्यांवर येऊन पडतें. ढीग कुजला म्हणजे नासक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि त्या वायूनें घरांतील धातूचीं भांडींसुद्धां काळवंडतात. ज्या दिवशीं छायाचित्र काढलें त्या दिवशीं अर्थातच शेवाळ नसतें. बार्बाडोसच्या पूर्वेस व आग्नेयेस ह्याचा त्रास अधिक, पश्चिमेस बराच कमी. त्या दिशेस तोंड करून बसलेलें हॉटेल कितीहि पंचतारांकित असलें तरी त्यास ह्यावर उपाय नाहीं. फार तर यंत्रें लावून सकाळीं ढीग उचलतात.

आतां महिन्याचें पाहूं. वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, आणि त्यांतहि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने अधिक धोक्याचे. आपल्या नोकरदार कुटुंबास मोठ्या सुट्या दोनच : दिवाळीची आणि मे महिन्याची. दिवाळीची सुटी सरळ त्या हंगामांत पडते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजीं, म्हणजे आपली दिवाळी आटोपून आठवडाहि झाला नव्हता तेव्हां, मेलिसा हें सर्वांत वरच्या श्रेणीचें चक्रीवादळ जमैकाच्या नैर्ऋत्य भागावर येऊन आदळलें. ज्यांस दिवाळींतच जाणें भाग आहे त्यांनीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचीं अरूबा, बोनेर, क्युरासाव हीं बेटें पाहावीं. वादळांचा नेहमींचा मार्ग त्यांच्या बराच उत्तरेकडून जातो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा उत्तम असते, पण त्या वेळीं इंग्लंड-अमेरिकेचे लोक थंडीपासून पळून तेथें येतात आणि दर आकाशास भिडतात. एप्रिल सरतांना ते लोक परततात. दर उतरतात, पाऊस अजून लागलेला नसतो, वादळें दूर असतात. आणि नेमक्या त्याच वेळीं आमच्या शाळांस सुटी लागते. शिक्षणखात्याचा हा उपकार आमच्या लोकांनीं अद्याप पुरता ओळखलेला दिसत नाहीं. मे महिना, पश्चिम किनारा : माझ्या मतें निम्मी निवड येथेंच संपली.

पश्चिमेच्या सेंट जेम्स परगण्यांत होलटाऊन आहे. १६२७ सालीं इंग्रजांची ह्या बेटावरील पहिली वसाहत झाली ती तेथें. त्याच्या जवळच सॅण्डी लेन हें सुप्रसिद्ध हॉटेल. पूर्वीं ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद असलेले रोनाल्ड ट्री यांनीं तें १९६१ सालीं उघडलें. पुढें मूळ इमारत पाडून नवी बांधली आणि २००१ सालीं तें पुन्हा सुरू झालें. तेथील एका रात्रीच्या भाड्यांत त्याच किनाऱ्यावरील साध्या पण स्वच्छ जागेंत कुटुंबाचे कित्येक दिवस निघतील. मग जास्तीचे पैसे कशाचे? नोकरचाकरांचे, गुळगुळीत संगमरवराचे, आणि शेजारच्या खुर्चीवर कोणी जगप्रसिद्ध मनुष्य बसलेला असण्याच्या शक्यतेचे. समुद्राचे नव्हेत. कारण बार्बाडोसमध्यें किनारा सार्वजनिक आहे; हॉटेलाची मालकी वाळूच्या अलीकडे संपते. ज्या पाण्यांत लक्षाधीश डुंबतो त्याच पाण्यांत पहांटे गांवचे म्हातारेकोतारे येऊन गळ्याइतक्या पाण्यांत उभे राहून गप्पा मारतात. समुद्रस्नान ही तेथील जुनी रीत आहे.

सर्वच बेटांवर असें नाहीं. जमैकांत १९५६ च्या कायद्यानें किनाऱ्याचा हक्क सरकारकडे घेतला, आणि सामान्य नागरिकास समुद्रावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क त्यांत ठेविला नाहीं. इंग्रजी अंमलांत झालेला हा कायदा १९६२ च्या स्वातंत्र्यानंतरहि टिकला. कित्येक उत्तम किनाऱ्यांवर कुंपणें झालीं, आणि वाडवडिलांपासून जेथें होड्या लावल्या तेथें जाण्यासाठीं आतां लोकांना न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागत आहेत. बार्बाडोसमध्येंहि हक्क असला तरी वाट नेहमीं सांपडते असें नाहीं. बंगले इतके खेटून उभे राहिले आहेत कीं रस्त्यावरून समुद्र दिसेनासा झाला आहे. मध्यें ज्या मोकळ्या फटी राहिल्या आहेत त्यांस तेथील लोक समुद्राच्या खिडक्या म्हणतात, आणि त्या बुजूं नयेत म्हणून झगडतात. पाहुण्यास ह्याच्याशीं काय करावयाचें, असें कोणी विचारील. पहिली गोष्ट व्यवहाराची : जेथें गांवचीं मुलें रोज पोहतात तो किनारा सुरक्षित समजावा, कुंपणाच्या आंत असा पुरावा मिळत नाहीं. दुसरी अशी कीं, आपण निरनिराळ्या देशांचे लोक पाहावयास जातों, आणि कुंपणाच्या आंत तेथील माणूस भेटतो तो हातांत तबक घेऊनच. मला तरी आठवडाभर तेवढेंच पाहणें रुचणार नाहीं.

ह्या कुंपणाच्या व्यवस्थेस एक गोड नांव आहे : सर्वसमावेशक दर. जेवण, पेयें, खेळ सारें एका रकमेंत. सॅण्डल्स कंपनीनें १९८१ सालीं जमैकांतील मॉण्टेगो बे येथें अशीं हॉटेलें सुरू केलीं आणि आतां तीं बार्बाडोसमध्येंहि आहेत. मात्र तीं केवळ जोडप्यांसाठीं असतात, मुलांस प्रवेश नाहीं. हें न वाचतां पैसे भरल्यास अनवस्था प्रसंग ओढवेल. शिवाय ह्या दरांत मद्याचा मोठा वाटा असतो. ज्या घरांत कोणी पीत नाहीं आणि दोघे शाकाहारी आहेत, त्यांनीं दुसऱ्यांच्या पेल्यांचे पैसे कां भरावे? स्वयंपाकघर असलेली जागा त्यांस अधिक सोईची. आंबे, पपया, रताळीं बाजारांत मिळतात. रस्ताफारी पंथाचे लोक आयटल नांवाचा शाकाहारी स्वयंपाक करतात. आणि त्रिनिदादकडील हिंदी वंशजांची भाजी भरलेली रोटी येथेंहि येऊन पोंचली आहे. मत्स्याहारी मालवणी माणसाविषयीं तर मला काळजीच नाहीं.

भाडें ठरवितांना दोनतीन शब्दांपासून सावध राहावें. समुद्रसन्मुख आणि समुद्रदर्शन हे एकच नव्हेत. पश्चिमेचा हमरस्ता किनाऱ्यास लागून जातो, आणि रस्त्यापलीकडच्या खिडकींतून दोन छपरांच्या मधून दिसणाऱ्या निळ्या रेघेसहि समुद्रदर्शन म्हणतात. दर माणशीं आहे कीं खोलीमागें, कर व सेवाशुल्क धरून कीं सोडून, हें लेखी विचारावें. डॉलर कोणता, हेंहि विचारावें. १९७५ पासून बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक असें प्रमाण चालत आलें आहे, तेव्हां गैरसमजानें खर्च दुप्पट होतो. पश्चिमेची वाळू कित्येक ठिकाणीं अरुंद आहे. भरतीच्या वेळीं हॉटेलासमोर बसावयास वाळू उरते काय, हा प्रश्न विचारला तर व्यवस्थापकहि समजतो कीं पाहुणा जाणता आहे.

प्रवासाविषयीं थोडेंच. मुंबईहून सरळ विमान नाहीं. लंडनवरून जाणें सोईचें. भारतीय पारपत्रास बार्बाडोसमध्यें थोड्या मुक्कामासाठीं व्हिसा लागत नाहीं म्हणून लोक निर्धास्त होतात, पण वाटेंतल्या देशाचा लागूं शकतो. अमेरिकेंत तर केवळ विमान बदलण्यासाठींहि लागतो. निघण्यापूर्वीं ते नियम पुन्हा पाहावे. घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक पडतो. आठ दिवसांहून कमी मुक्कामासाठीं एवढा त्रास घेऊं नये.

एक गोष्ट राहिली, ती मुलें बरोबर असणाऱ्यांसाठीं. पश्चिमेच्या वाळूवर मँचिनील नांवाचीं दाट सावलीचीं झाडें आहेत. त्यांचें फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखें दिसतें आणि तें अत्यंत विषारी आहे. चिकानें अंगावर फोड येतात, आणि पावसांत त्याखालीं उभें राहिल्यास पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेंहि कातडी भाजते. पुष्कळ झाडांच्या बुंध्यास तांबडा पट्टा मारलेला असतो. पहिल्याच दिवशीं मुलांस तो पट्टा दाखवून ठेवावा.