बालकाच्या दाराशी जाणारे राज्य



पदवीदान समारंभात विद्येची महती वर्णन करण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या पहिल्या सहा वर्षांत मनुष्याची काया आणि बुद्धी घडते, त्या वर्षांत दरिद्री कुटुंबातील मुलाच्या वाट्याला राज्याचे धोरण कितपत येते, हा प्रश्न मला आज अधिक निकडीचा वाटतो, कारण ज्या दप्तरांतून ते धोरण चालते तेथे आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकजण लवकरच बसणार आहेत.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा गरिबांच्या वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे आढळताच, त्यांच्या गैरहजेरीचा दोष मुलांच्या किंवा आईबापांच्या माथी न मारता, त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करताना, गुरे राखण्याच्या कामातून ज्यांची सुटका नव्हती त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. बालकल्याणाच्या धोरणाचे मर्म मला याच कृतीत दिसते. सरकारी धोरणानेही त्या दिशेने पाऊल टाकले: २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शालापूर्व शिक्षण अशा सेवा अंगणवाडीच्या एका छपराखाली आणल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २००६ सालच्या हुकुमांनी ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचविण्याचे बंधन सरकारवर घातले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाचा विनामूल्य आहार हा त्याचा हक्क ठरविला. जी गोष्ट मेहेरबानी म्हणून दिली जात होती तिला कायद्याची सनद मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि सनद मिळणे आणि अंमल होणे यांत किती अंतर राहते, ते पाहावयाचे असेल तर हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरातील ऊसतोड कामगारांच्या तळावर जावे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून नवराबायको, ज्यांची मिळून एकच कोयता अशी गणना होते, दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत पालात राहतात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते, वजनाचा रकाना मात्र महिनोन्महिने कोरा राहतो, आणि ज्या गावाच्या शिवारात ते प्रत्यक्ष राहते तेथल्या नोंदवहीत त्याचे नावच नसते. वाढीच्या वयातील हे महिने परत मिळत नाहीत. कायद्याने बालकाचा हक्क जन्मगावाशी जखडलेला नाही. तो जखडला आहे आपल्या कारकुनी शिरस्त्याने, आणि शिरस्ता बदलण्यास नवा कायदा लागत नाही.

हा शिरस्ता जिच्या हातून चालतो त्या अंगणवाडी सेविकेविषयीही मला मनापासून बोलावयाचे आहे. घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, मुलांची वजने घेणे, आहार वाटणे, तीव्र कुपोषित मूल हेरून आरोग्य केंद्राकडे पाठविणे, आणि या साऱ्याची माहिती वेळेवर वर कळविणे, हे सर्व तिने करावयाचे. पण सरकार तिला मानसेवी म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन देते. तिला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा अधिकार आहे, एवढी साधी गोष्ट प्रस्थापित होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निर्णय लागावा, हे आपल्या राज्यकारभारास शोभणारे नाही. धोरणाचा सगळा भार जिच्या खांद्यावर आहे तिला नियमित वेतनश्रेणी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यास पैसा लागेल, आणि तो खर्च अंदाजपत्रकात इतर अनेक खर्चांच्या आधी मंजूर झाला पाहिजे.

मित्रहो, तुमच्यापैकी जे प्रशासनात जातील, त्यांना माझी विनंती आहे की नेमणुकीच्या पहिल्याच हंगामात त्यांनी आपल्या हद्दीतील स्थलांतरितांच्या एका तळावर, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर स्वतः जावे, तेथील सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव कोणत्या अंगणवाडीत आहे ते विचारावे, आणि जवळच्या अंगणवाडीत ते नसेल तर त्याच आठवड्यात नोंदवून त्याचा आहार सुरू करावा.