नांगर न धरतां खाणारे

अठराव्या शतकांत जपानांत आंदो शोएकी नांवाचा वैद्य होऊन गेला. जो स्वतः जमीन कसत नाहीं, तो शेतकऱ्यानें पिकविलेलें लुटून खातो, असें त्यानें सामुराई व भिक्षू यांजविषयीं लिहून ठेवलें. धान्य पिकविणारा हात हाच राज्याचा आधार, हा त्याचा अर्थविचार.

हें लिखाण सुमारें दीडशें वर्षें धूळ खात पडलें. १८९९ च्या सुमारास कानो कोकिची ह्या विद्वानास त्याची पोथी सांपडली. पण १९२३ च्या भूकंपांत टोकियोच्या विद्यापीठांत तिचा बहुतेक भाग जळाला. जें उरलें त्यावर आज अभ्यास चालतो.

आम्ही एवढेंच सांगतों, कष्टकऱ्याच्या बाजूचा विचार उपजतो, पण जपला नाहीं तर मरतो. घरांतले जुने कागद चुलींत घालूं नका. मुलामुलींकडून वाचवून घ्या.